ऊन नाही म्हणून

मुलीसाठी स्थळं बघताना वेणीमाधव औरादकरांनी पत्रिका पाहिली, पगार पाहिला, घराणं पाहिलं. पण त्यांचं मन बसलं ते हवेवर. मुलगा स्कॉटलंडमध्ये होता, समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर. मुलाच्या वडिलांनी बोलता बोलता सांगितलं, "तिथं पंखा नावाची वस्तूच नसते घरात." त्या एका वाक्यावर वेणीमाधव विरघळले. चौतीस वर्षं त्यांनी सोलापुरात कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली होती. मार्च ते जून ओला टॉवेल मानेवर टाकून त्यांनी फायली हलवल्या होत्या. भवानी पेठेतलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री भिंतीला हात लावला तर पोळायचा. या गावानं आपल्याला चाळीस वर्षं भाजून काढलं, असं ते येईल त्याला सांगत. निदान मुलगी तरी सुटली, असं त्यांना वाटलं.

वैदेहीला कोणी विचारलं नव्हतं असं नाही. आशिष तिला आवडला होता. शांत होता, हसून बोलायचा. हवेचं मात्र कोणी विचारलं नाही, आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. ऊन हा काही आवडीनिवडीचा विषय आहे, हेच त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती एप्रिलच्या दुपारी गच्चीवर कुरडया राखत बसायची, पुस्तक घेऊन, टाकीच्या हातभर सावलीत. तिची आई दुर्गाबाई खालून ओरडायच्या, "अगं, ऊन लागेल, खाली ये." तिला कधी ऊन लागलं नाही. पुढं शाळेत गणित शिकवायला लागली, तेव्हाही भर मे महिन्यात पेपर तपासायला ती गच्चीच्या दारातच बसायची. वेणीमाधव म्हणायचे, "हिचं डोकं फिरलंय."

लग्न झालं, ती गेली. पहिल्या हिवाळ्यात फोनवर हसत म्हणाली, "अप्पा, आज साडेतीनला दिवे लागले इथं." वेणीमाधवांना मजा वाटली. दुसऱ्या हिवाळ्यात ती हसत नव्हती. फोन पाच मिनिटांत संपायचा. आशिष दोन आठवडे समुद्रावर, दोन आठवडे घरी. समुद्रावर असला की ती एकटी. दुर्गाबाई म्हणाल्या, "पोरीचा आवाज खोल गेलाय हो." वेणीमाधव म्हणाले, "सर्दी असेल. थंड मुलूख आहे."

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वैदेही एकटीच आली. न कळवता आली. हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला चटई घेऊन गच्चीवर गेली ती दोनलाच खाली उतरली. मग रोजचंच झालं. पंधरा दिवसांत तिला भूक लागू लागली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागून घेऊ लागली. महिन्याभरानं तांदूळ निवडताना ती काहीतरी गुणगुणत होती, ते वेणीमाधवांनी दारातून ऐकलं.

आणि त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अप्पा, मी परत जाणार नाही."

वेणीमाधवांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे?"

"तिथं मला राहवत नाही."

"आशिष काही बोलला? हात उचलला?"

"नाही. तो चांगला आहे."

"दारू? दुसरं काही?"

"काही नाही, अप्पा. तिथं ऊन नाही."

वेणीमाधव तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, पुढं काहीतरी यायचं आहे. पुढं काही आलं नाही.

"नऊला उजाडतं," ती सांगू लागली. "साडेतीनला अंधार. मधे जे असतं त्याला दिवस म्हणायचं. तेसुद्धा राखाडी. आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. मी सकाळी उठून पलंगावर बसते आणि पाय खाली टाकायचे हेच सुचत नाही. दात घासायचं सुचत नाही. तिथल्या डॉक्टरांनी एक दिवा दिलाय, रोज अर्धा तास त्याच्यापुढे बसायचं..."

"दिव्यापुढे?" वेणीमाधव हसले. त्यांचे वडील आयुष्यभर देवळात पूजेला होते. "दिव्यापुढे बसायला तू काय मूर्ती आहेस?"

दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या काही बोलल्या नाहीत.

पेठेत तोवर कुजबुज सुरू झालीच होती. खाली सिद्धप्पाचं किराणा दुकान. वेणीमाधव साखर आणायला गेले की तो हटकून विचारायचा, "काय काका, ताई लई दिवस ऱ्हायल्या की! जावईबापू कुटं हायत? बरं हाय न्हवं सगळं?" त्यात वाईट काही नव्हतं, पण वेणीमाधवांना पायरी उतरताना घाम फुटू लागला. काय सांगणार? नवरा मारतो असं सांगितलं असतं तर लोक हळहळले असते. सासू छळते म्हटलं असतं तरी पटलं असतं. ऊन नाही म्हणून पोरगी संसार टाकून आली, हे सोलापुरात कोणाला सांगायचं? लोक हसले असते. आणि मागं म्हणाले असते, खरं कारण दुसरंच असणार. त्यांना स्वतःलाही तेच वाटत होतं. रात्री त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं, "इथं कोणी आहे का हिचं? शाळेतला कोणी?"

"नाही हो," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मग खोटं का बोलते?"

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी स्वतःच आशिषला फोन केला. आशिष म्हणाला, "अप्पा, तिला हवं तेवढं राहू दे. मार्चमध्ये आली तरी चालेल." हे त्याचं बोलणं वेणीमाधवांना हात सोडल्यासारखं वाटलं. नवरा असा सैल सोडतो, म्हणजे गाठ तुटायलाच आली, असा त्यांनी अर्थ लावला. तिकीट त्यांनीच काढायला लावलं. आठ जानेवारी.

"गड्डा तरी होऊ दे," दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या. "यात्रा झाल्यावर जाईल."

"पुढच्या यात्रेला येईल की पुन्हा. आता बरी झालीय, खातेय-पितेय. हीच वेळ आहे."

ती बरी झाली होती हे खरंच होतं. त्यामुळेच तर ती जाऊ शकते, असं त्यांना वाटलं. ती कशानं बरी झाली, हे त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

वैदेहीनं भांडण केलं नाही. बॅग भरली. मुंबईला विमानतळाच्या दाराशी ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "अप्पा, मी खोटं बोलत नव्हते."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

तो हिवाळा गेला. उन्हाळ्यात ती फोनवर बरी बोलायची. तिथं जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो म्हणाली. वेणीमाधव दुर्गाबाईंना म्हणाले, "बघ, लागली की नाही सवय?"

पुढच्या डिसेंबरात आशिषचा फोन आला. तो समुद्रावर होता तेव्हा वैदेही भर दुपारी घराबाहेर पडली होती, कोट न घालता. समुद्रकाठच्या एका बाकावर जाऊन बसली. वरून गारा पडत होत्या. तिन्हीसांजेला कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईनं पोलिसांना कळवलं. ते आले तेव्हा तिला स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता. दवाखान्यात दहा दिवस काढून ती घरी आली होती. "अप्पा, तुम्ही कोणीतरी या," आशिष म्हणाला.

दुर्गाबाईंचे गुडघे नुकतेच बदललेले. वेणीमाधव एकटे गेले. विमानतळावरून घरी जाताना गाडीच्या काचेतून त्यांनी पाहिलं: करड्या दगडाची घरं, करडा रस्ता, आणि वर त्याच रंगाचं, हात वर केला तर लागेल असं आभाळ. दुपारचा एक वाजला होता. सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले.

वैदेही सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. केसांना किती दिवस पाणी लागलं नव्हतं कोण जाणे. "आलात?" म्हणाली. मग दिवसभर काही बोलली नाही.

वेणीमाधव रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देत. मुंज झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. तिथं पहिल्या दिवशी सहाला उठून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओंजळीत पाणी धरून उभे राहिले. बाहेर मिट्ट काळोख. सातला काळोख. आठला काळोख. पावणेनऊला काळोखाचा राखाडी रंग झाला, तेव्हा त्यांनी अंदाजानं एका दिशेला तोंड करून पाणी भांडी घासायच्या मोरीत सोडलं. चार दिवस असं केलं. पाचव्या दिवशी वाटलं, नंतर करू. आठव्या दिवशी आंघोळही दुपारवर गेली. अकराव्या दिवशी ते पलंगावर उठून बसले आणि बराच वेळ नुसते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पाय खाली टाकायचे हेच सुचत नव्हतं.

तेव्हा त्यांना कळलं. वैदेहीनं अगदी हेच शब्द वापरले होते. त्यांना एकदम घाबरल्यासारखं झालं. आपण अकरा दिवसांत या अवस्थेला आलो. ती चौथा हिवाळा काढत होती. आणि घरी पोचलेल्या पोरीला आपण हाताला धरून पुन्हा इथं आणून सोडलं.

ते तसेच बाहेरच्या खोलीत गेले. वैदेही डॉक्टरांच्या त्या दिव्यापुढे बसली होती. पांढऱ्याफटक उजेडात तिचा चेहरा कागदासारखा दिसत होता.

"चल," ते म्हणाले. "घरी चल. आजच्या आज चल. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

वैदेहीनं मान वळवली नाही. "घरीच होते की मी, अप्पा," ती म्हणाली. "त्या वेळी."

वेणीमाधव अठरा दिवस राहिले. अठरा दिवसांत सूर्य दिसला नाही. ती त्यांच्याबरोबर आली नाही. उन्हाळ्यात तिची तब्येत सुधारली आणि तिनं सगळं स्वतःच्या हातानं केलं. आशिषला समोर बसवून सांगितलं, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या केल्या. आशिष रडला, पण अडवलं नाही. ऑगस्टमध्ये तिला मस्कतच्या एका शाळेत गणिताची नोकरी मिळाली. आईला तिनं तिथून फोटो पाठवला: भुंडे तपकिरी डोंगर, पांढरी घरं, आणि डोळे बारीक करून उभी असलेली ती. अंग भरलं होतं. सत्तेचाळीस डिग्री आहे म्हणाली.

वेणीमाधवांनी विचारलं, "ऊनच पाहिजे होतं तर सोलापुरात काय कमी होतं? इथं शाळा नाहीत?"

दुर्गाबाई भाजी चिरत होत्या. सुरी खाली न ठेवता म्हणाल्या, "इथं ती आली होती."

मे महिन्यात दुर्गाबाई लेकीकडे निघाल्या. वेणीमाधवांनी दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग बायकोलाच म्हणाले, "मी पण यावं म्हणतो. तिला विचार." दुर्गाबाईंनी विचारलं. उत्तर आलं, की अप्पांना इथला उन्हाळा सोसायचा नाही. त्यात एक शब्द वावगा नव्हता. चारचौघांत सांगता येईल असंच उत्तर होतं. वेणीमाधवांनी सोलापूर स्टेशनवर बायकोची बॅग डब्यात चढवून दिली आणि रिक्षा न करता चालत घरी आले.

महिन्याचे दोन महिने झाले. दुर्गाबाई परतल्या त्या टवटवीत दिसत होत्या. तिथं शेजारी कोण, शाळा कशी, सुट्टीच्या दिवशी वैदेही वाळवंटात फिरायला नेते, सगळं त्यांनी सांगितलं. बॅगेतून खजुराचे डबे निघाले. वेणीमाधव ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्याबद्दल काही?"

"नाही विचारलं," दुर्गाबाई म्हणाल्या. मग डबे फळीवर लावताना, "मीही त्या दिवशी दारात उभी राहून गप्प बसले. ते तिनं मला माफ केलं. दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे. आता जास्त राहीन."

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा दुर्गाबाई देवापुढं बसल्या होत्या. वेणीमाधवांनी उचलला. स्क्रीनवर वैदेही दिसली, मागं खिडकी, खिडकीत डोळे दिपवणारा उजेड.

"बोला, अप्पा."

किती महिने त्यांनी ते वाक्य मनात जुळवलं होतं. गोल-गोल करून, कारणं देऊन. तोंडून एवढंच निघालं, "चुकलं माझं."

वैदेहीनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्यांना काही धरायला मिळालं असतं.

"हो," ती म्हणाली. "आई आहे का?"

"देवापुढं बसलीय."

"झालं की फोन करायला सांगा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.