ड्रमच्या पाठीवरचं मीठ

पिळायची वेळ आली की आमचं मशीन ओरडायचं. आधी नुसतं घरघरायचं. झुहरा जन्मली त्या आठवड्यापासून मात्र असं किंचाळायला लागलं, की कुंपणावरची मांजरं खाली उड्या टाकायची. झुहरा त्या आवाजात गाढ झोपायची आणि मशीन थांबलं की रडायची. शेवटी एका सोमवारी सकाळी ड्रम अडकलाच. आत तिची सतरा दुपटी आणि अझारीचा, माझ्या नवऱ्याचा, निळा शर्ट. सासूबाईंनी, म्हणजे मोकने, दुपारी मशीन दुरुस्त करणाऱ्या पाक सू देरामनला बोलावून घेतलं.

"तू समोर बसून राहा," मोक मला म्हणाली. "ओळखीचा आहे म्हणून काय झालं? चांगले भाग काढून जुने बसवणारे ओळखीचेच असतात."

माझ्या बाळंतपणाचा तो अडतिसावा दिवस होता. चव्वेचाळीस होईपर्यंत गार पाण्याला हात लावायचा नाही, उंबरठा ओलांडायचा नाही, मासा खायचा तो भाजलेलाच आणि मिरी लावून. पोटाला वीतभर रुंदीचा लांबलचक पट्टा गुंडाळलेला, कपाळावर लेप वाळून तडकलेला. अशा अवतारात मी मागच्या पडवीतल्या बाकावर बसले, झुहराला मांडीवर घेतलं आणि पहारा सुरू केला.

पाक सूला या कामाची घाई नव्हती. त्याने वरचं झाकण काढलं, साबणाचा खण ओढून बाजूला ठेवला, आतला वजनासाठीचा सिमेंटचा दगड दोन हातांनी उचलून खाली टेकवला. दाराचं रबर निघालं तेव्हा त्याच्या घडीत काळी बुरशी आणि शर्टाची दोन बटणं सापडली. निघणारा प्रत्येक स्क्रू तो एका पत्र्याच्या झाकणात निघाल्या क्रमाने मांडत होता, आणि प्रत्येकाशी काहीतरी पुटपुटत होता. ड्रम ज्या मोठ्या पिंपात फिरतो ते त्याने अख्खं बाहेर काढलं, मागचं चाक सोडवलं, कडेचे बोल्ट काढून पिंपाचे दोन अर्धे केले. मग नळीचा तुकडा टेकवून हातोडीने ठोकत बेअरिंग बाहेर पाडलं. तांबडं गंजाचं पाणी त्याच्या लुंगीवर उडालं. बेअरिंग फडक्यात गुंडाळून तो पिशवीत टाकायला निघाला.

"पाक सू, ते इथेच राहू दे."

"हे? याच्या आतले मणी तुटलेत गं."

"असू दे. जुनं ते सगळं इथेच."

तो हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "बाळंतिणीने मोजून घ्यावं. बेअरिंगं दोन, सील एक, रबर एक. घरी नेऊन मी काय बायकोच्या गळ्यात बांधणार होतो?"

"तुमचा काय भरवसा, मागच्या वर्षी तिला पंख्याचा पट्टा बांधला होतात म्हणे," मोक आतून म्हणाली, आणि तो आणखीच हसला. मला लाज वाटली. पण नजर मी हलवली नाही.

मग त्याने ड्रम उलटा केला आणि हसायचं थांबला.

ड्रमच्या पाठीला तीन पायांची एक ओतीव पट्टी असते. सगळं वजन तिच्यावर फिरतं. आमच्या पट्टीचा एक पाय अर्ध्यातून चिरला होता आणि तिन्ही पायांवर पांढरं काहीतरी फुललं होतं, ओल्या पिठासारखं. पाक सूने नखाने ते खरवडलं, बोटावर चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"साबणाचा थर राखाडी असतो, चिकट," तो म्हणाला. "तो जुना थर खाली आहे, हा बघ. त्याच्यावरचं हे पांढरं नवं. चार-पाच महिन्यांचं असेल." त्याने माझ्याकडे बघितलं. "अझारी कुठं असतो हल्ली?"

"बर्फाच्या कारखान्यात. रात्रपाळीला. आत्ता गावात गेलाय, हिचा जन्मदाखला आणायला."

"कपडे भिजून येतात?"

"बर्फ उचलायचा तर भिजणारच."

"बर्फाचं पाणी गोडं असतं," पाक सू म्हणाला. "हे खारं आहे."

मोक दारात आली. हातात वाफाळत्या केरोपोकची ताटली, शेजारी तिखट चटणी. माशाच्या त्या वळकट्या तिने पाक सूपुढे ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "मीठ माझं आहे. बाटिकचा रंग जाऊ नये म्हणून टाकते मी."

"मशीनमध्ये, काक सेनाह?"

"मग काय समुद्रात?"

"किती टाकता?"

"मूठभर."

"दर धुण्याला?"

"दर धुण्याला."

पाक सू तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने एक वळकटी चटणीत बुडवली, तोंडात टाकली आणि तोंड बंद केलं.

झुहरा दूध पिता पिता झोपली होती. तिची मूठ माझ्या ब्लाउजला धरून होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, पुन्हा धरू दिली, पुन्हा सोडवली. डोक्यात दुसरंच चाललं होतं. बाटिकला मीठ लावायचं ते नव्या कापडाला, पहिल्या धुण्याला, आणि तेही बादलीत. मला मोकनेच शिकवलं ते. तिची सगळी बाटिक जुनी, काही तर माझ्या लग्नाआधीची. आणि मी एकदा तिचं एक सारोंग मशीनमध्ये टाकलं होतं, तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती. मशीन बाटिकचा जीव घेतं, असं तीच सगळ्या गल्लीला सांगत फिरते.

म्हणजे मोक खोटं बोलली होती. बाजारात मासळीचा भावसुद्धा जो घेतला तोच सांगणारी बाई. आणि ज्याच्यासाठी ती खोटं बोलेल असा जगात एकच माणूस होता.

मी महिने मोजले. माझे पाय सुजले तेव्हापासून धुणं मोकने घेतलं. तेव्हा सातवा लागला होता. एप्रिल. एप्रिलमध्येच माकूल धरायचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या किनाऱ्यासमोर होड्यांच्या दिव्यांची रांग लागते. तेव्हापासून अझारीचा एकही मळका कपडा मी पाहिला नव्हता. मी उठायच्या आत मशीन सुरू असायचं आणि तो आंघोळ करून स्वच्छ शर्टात माझ्या पायाशी झोपलेला असायचा.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातून आलो त्या दिवशी त्याने माझ्या पोटावर तळवा ठेवून शपथ घेतली होती. पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही. मीच मागितली होती. त्याचे वडील माकूल धरायला गेले आणि परत आली ती नुसती होडी. तेव्हा अझारी नऊ वर्षांचा होता. माझ्या मुलीने नवव्या वर्षी धक्क्यावर उभं राहून रिकामी होडी बघू नये, एवढंच मला हवं होतं.

मोक नमाजाला आत गेली, तशी मी हळूच विचारलं, "पाक सू, मूठभर मिठानं असं होतं?"

तो दुकानातून मागवलेल्या नव्या पट्टीवर ड्रम बसवत होता. स्क्रू आवळून झाल्यावर म्हणाला, "मला मशीन तेवढं कळतं, पोरी."

"मशीनचंच विचारतेय."

"मग नाही होत." त्याने सीलला बोटभर ग्रीस चोळलं. "पण हे मी बोललोच नाही. काक सेनाहच्या हातचे केरोपोक मला पुढेही खायचेत."

नवी बेअरिंगं लाकडाचा ठोकळा ठेवून त्याने बेताबेताने ठोकून बसवली, पिंप जोडलं, दगड परत चढवला, नवं रबर दाराभोवती अंगठ्याने दाबत गेला. झाकणातला शेवटचा स्क्रूही जागेवर गेला. मशीन सुरू केलं तेव्हा आत पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. पिळतानाही नुसतं गुणगुणलं. त्या शांततेनं झुहरा दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

पाक सू गेल्यावर मी तिला खांद्यावर थोपटत स्वयंपाकघरात गेले. मोक पाठमोरी होती.

"मोक, तुमची बाटिक मशीनमध्ये कधीपासून जायला लागली?"

ती वळली नाही. चुलीवर पातेल्यात आंबट कढणात मासा उकळत होता, त्यात तिने डाव फिरवला.

"अझारी जातो ना होडीवर?"

"कारखान्यात आठवड्याला तीनच रात्री पाळी असते," ती म्हणाली.

"आणि बाकीच्या रात्री?"

"दिवे दिसले की त्याच्या बापाचेही पाय थांबत नसत."

मला तिला धरून हलवावंसं वाटलं. "आणि तुम्ही धुऊन लपवत बसलात? तुम्ही? तुमचा नवरा..."

"माझ्या नवऱ्याकडून मीही शपथ घेतली होती, आयू." आता ती वळली. "अझारीच्या वेळी. तुझ्यासारखीच, पोटावर हात ठेवून. नऊ वर्षं त्यांनी पाळली. म्हणजे मला वाटलं पाळली. बहिणीकडे दुंगूनला जातो म्हणून निघायचे. त्या दिवशीही तेच सांगून गेले. आले नाहीत तेव्हा मी बस पकडून दुंगूनला गेले. नणंदेच्या गल्लीत घरोघर विचारलं. कुणाशी भांडले का, दुसरी बाई आहे का, असले विचार करत फिरले. दीड दिवस. त्या दीड दिवसात समुद्रात कुणी बघितलंसुद्धा नाही."

झुहरा गप्प झाली होती. माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता.

"अझारीने हंगामात पहिल्यांदा शर्ट लपवला तेव्हाच माझ्या लक्षात आलं," मोक म्हणाली. "मी म्हटलं, जाणारच असलास तर मला सांगून जा. कुणाची होडी, बरोबर कोण, किती वाजता परत. एवढं मला ठाऊक असलं की पुरे. बाकी मी धुऊन टाकेन."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. "तुला त्याची शपथ पाहिजे होती. मला तो कुठं आहे ते पाहिजे होतं."

राग उतरला नव्हता. दोघं मिळून चार महिने माझ्या उशापायथ्याशी वावरले, तेल लावलं, पट्टा बांधला, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही. आता यापुढे तो 'पाळीला जातो' म्हणाला की मी त्याच्या चपलांकडे बघणार, केसांचा वास घेणार. तसलं जगणं मला नको होतं. मोकसारखं गुपचूप धुऊन टाकत जगणंही नको होतं.

अझारी साडेचारला आला. हातातला दाखला प्लास्टिकमध्ये जपून धरलेला. "बघ, नाव बरोबर लिहिलंय, एक अक्षर चुकलं नाही," म्हणत त्याने झुहराच्या नाकासमोर तो हलवला. मग मशीनकडे बघितलं. "झालं वाटतं? आवाज?"

"गेला."

पायरीवर जुने भाग मांडलेले होते. बेअरिंगं, रबर, चिरलेली पट्टी. अझारीला बंद पडलेलं घड्याळ दिसलं तरी तो उघडून बघतो. पट्टीवरचं पांढरं त्याला दिसलं. पण ती त्याने उचललीसुद्धा नाही.

"आज पाळी आहे, आबांग?"

"आहे."

"कुठल्या होडीवर?"

त्याने आईकडे बघितलं.

"तिच्याकडे नको बघूस. विचारतेय मी."

त्याचे कान लाल झाले होते, मार खाल्लेल्या मुलासारखे, आणि त्याही स्थितीत मला ते कान आवडले, याचा मला राग आला.

"पाक लाहची," तो म्हणाला. "मी जात नाही आज. आयू, खरंच नाही जात."

"ते मला खरं वाटत नाही. बरोबर कोण?"

"मानान. आणि त्याचा मेहुणा."

"परत किती वाजता?"

"सहाला. उजाडता उजाडता."

"मला साडेसहा सांगितलंस," मोक चुलीपासून म्हणाली.

तो गोंधळला. "वारा असला तर अर्धा तास इकडेतिकडे..."

"घरात दोन वेळा नकोत," मी म्हटलं. "एकच सांग. त्यानंतर पाव तासाने मी बाळाला घेऊन धक्क्यावर येईन. चव्वेचाळीस दिवस भरलेले असोत की नसोत."

मोक काय म्हणते म्हणून मी वाट बघितली. बाळंतिणीला अंगणात उतरू न देणारी ती बाई खाली वाकून जाळ कमी करत होती.

अझारीने दाखला टेबलावर ठेवला. झुहराला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं.

"साडेसहा," तो आधी मला म्हणाला, आणि मग मान वळवून आईला, "साडेसहा."