दहापासून सुरू होणारी पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावर शून्य नाही. एक ते नऊसुद्धा नाहीत. मी जुनी लाकडी पट्टी आहे आणि माझी सुरुवात दहापासून होते. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

दूर देशातल्या नारीन नावाच्या डोंगराळ मुलुखातल्या एका शाळेसाठी सुतारानं मला भूर्जाच्या लाकडातून तासलं, शंभरापर्यंत आकडे कोरले. फळ्यावर मी कित्येक वर्षं सरळ रेघा आखल्या. गुरुजी म्हणत, "ही कधी खोटं बोलत नाही." मग एका मधल्या सुट्टीत दोन मुलांनी माझी तलवार केली आणि दहाच्या रेघेवर माझं टोक कटकन मोडलं. तेच गुरुजी म्हणाले, "शून्यच नाही, आता ही काय कामाची?" आणि मी सरपणात गेले. तिथून मला बुरुलचा नावाच्या बाईनं उचललं; सगळे तिला अपा, म्हणजे आई, म्हणत.

अपा लोकर भिजवून, लाटून तिचा जाड नमदा करायची आणि त्यावर नक्षी शिवायची. मी तिला रेघा मारायला पुरत होते. मग घरात सून आली, आयसालकीन. वर्षभरात पाळणाही हलू लागला. पण सुनेला शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्यासाठीच्या कॉलेजात जायला आधी परीक्षा द्यावी लागे.

"एकदाच बस परीक्षेला," अपा म्हणाली. "पास झालीस तर बाळ मी सांभाळते. नापास झालीस तर ते पुस्तक आणि ही मोडकी पट्टी, दोन्ही चुलीत."

अशी सुनेची आणि माझी गाठ एकाच दोरीला पडली.

पाळणा शांत झाला की आयसालकीन पुस्तक उघडायची. आलेखावरच्या आकृत्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू काढायचे होते. ती बाजूची लांबी काढी, तिचं अर्धं करी आणि तेच उत्तर लिही. मागच्या पानावरची उत्तरं मात्र वेगळीच.

"पुस्तकच चुकलंय, अपा."

"हो ना," अपा लोकर विंचरत म्हणाली. "पुस्तक चुकलं, पट्टी मोडकी. सून तेवढी शहाणी."

एका दुपारी लाल नमद्याचं आसन कापायचं होतं. चारी बाजूंचे मध्य जोडले की मधोमध चौकट तिरपी उभी राहते, तीच नक्षीची सुरुवात. बाळ अपाच्या मांडीवर होतं, म्हणून खुणा सुनेनं करायच्या ठरल्या. तिनं मला कडेला लावलं. एक कोपरा माझ्या दहावर, दुसरा सत्तरवर. लांबी साठ, अर्धे तीस. तिनं माझ्या तीसवर खडूची खूण केली आणि कात्री उचलली.

"थांब." अपानं कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली. घडी माझ्या चाळीसवर पडली. "लाल नमदा आहे बाई. वाया गेला असता तर नवा रंगवायला तूच बसली असतीस. ही पट्टीच दगलबाज. परीक्षेची वाट कशाला बघायची, आजच घाल चुलीत."

मला तोंड असतं तर मी भांडले असते. मी नुसती पडून राहिले, चाळीस दाखवत.

आयसालकीननं मला पुन्हा कडेला लावलं. किती वेळ ती माझ्याकडे बघत होती.

"अपा, पट्टी खरं सांगतेय. ती दहापासून सुरू होते, तेच मी विसरले. तीस मोजायचे, पण दहाच्या पुढे." मग ती पुटपुटली, "दहा आणि सत्तर, ऐंशी. अर्धे चाळीस."

तिनं पुस्तक ओढलं. त्यातल्या आकृत्याही माझ्यासारख्याच, शून्यापासून सुरू न होणाऱ्या. दोन्ही टोकांची बेरीज करायची आणि अर्धी करायची. आडव्या आकड्यांची वेगळी, उभ्यांची वेगळी. एरवी अपाच घडी घालून मध्य काढायची; घडी घालणाऱ्या हातांना आकडे लागतच नाहीत, म्हणून सुनेला ही चूक कधी दिसली नव्हती. आता एकेक उत्तर जुळत गेलं.

"मग चुलीत काय घालू?" अपानं विचारलं.

"शेण्या घाला. पट्टी मिळायची नाही."

"सूनबाईला तोंड फुटलं," अपा बाळाला थोपटत म्हणाली.

तरी शर्त ती शर्त. परीक्षा झाली तशी अपानं मला चुलीशेजारी शेण्यांच्या ढिगावर ठेवलं. बाळ रांगत येऊन माझं मोडकं टोक चघळायचं. मी घाबरले नाही, मित्रांनो. जळायचंच तर खरं बोलून जळू, असं ठरवलं होतं.

निकालाच्या दिवशी आयसालकीन आली, दाराशी बूट काढले, आधी मला ढिगावरून उचललं आणि डोक्याच्या रुमालानं पुसलं.

"अपा, सोमवारपासून बाळ तुमच्याकडे."

अपानं बाळाला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आणि हे लाकूड? कॉलेजात घेऊन जाणार? लोक हसतील."

"हसू देत. मी विचारीन, हिचा मध्य सांगा. पन्नास म्हणतील."

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला काम द्या. आणि मोडकी वस्तू चुलीत टाकण्याआधी ती कुठून सुरू होते तेवढं बघा.

आयसालकीननं मला एका बोटावर आडवं ठेवलं. पन्नासवर मी कलंडले. तिनं बोट सरकवलं. पंचावन्नवर मी स्थिर राहिले, आणि अपा बघत राहिली.