अर्धं सूत

थोरल्या सुताराचं उजवं कोपर दोन वर्षं दुखत होतं. जन्मात कधी रॅकेट हातात धरली नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणे टेनिस एल्बो! गोळ्या झाल्या, शेक झाले, पट्टा झाला. रंधा मारला की कळ पुन्हा मनगटापर्यंत. शेवटी बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत कोपरात सुई घातली, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचा खराब झालेला भाग तेवढा काढला आणि वर पट्टी चिकटवली. टाका नाही, भूल तेवढ्या जागेपुरती. वीस मिनिटांत आटोपलं. "सहा आठवडे रंध्याला हात लावायचा नाही," एवढं मात्र दोनदा बजावलं.

ते सहा आठवडेच त्याच्या जिवावर आले, कारण रंधा धाकट्या भावाच्या हातात गेला.

थोरल्याला त्याचा हेवा वाटत होता. उगाच आडपडदा कशाला? गिऱ्हाइकं आता "धाकटे आहेत का?" विचारतच आत येत, आणि स्टुलावर बसलेल्या थोरल्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच शिकवलंत ना त्याला?" तेच तर खुपत होतं.

तिसऱ्या आठवड्यात गाणं शिकवणाऱ्या बाईंचं दार तयार झालं. रियाजाच्या खोलीचं, त्यामुळे घट्ट बसायला हवं होतं. धाकटा जेवायला गेला तसा थोरल्याने दाराला टेप लावली. रुंदी अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त! त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दार शिकंज्यात उभं होतंच. त्याने रंधा उचलला आणि ते अर्धं सूत उतरेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड साली काढल्या. असा हात त्या कारखान्यात फक्त त्याचा. धाकट्याची साल मध्येच तुटायची. कोपरात कळ आली, तीही त्या दिवशी गोड लागली.

पाचव्या आठवड्यात गाण्याच्या बाई तणतणत आल्या. "अहो, माझा सगळा रियाज जिन्यात ऐकू जातो! दाराला केवढी फट पडलीय."

थोरल्याला आत्ता आठवलं. नवं लाकूड सुकताना आक्रसतं, म्हणून अर्धं सूत जास्त ठेवायचं. धाकट्याच्या पाठीत धपाटे घालून हे त्यानेच शिकवलं होतं, आणि मत्सराच्या भरात तोच विसरला होता.

"माझाच अंदाज चुकला, बाई," धाकटा म्हणाला. "दुसरं करून देतो."

"थोरल्यांच्या हातून असं दार कधी गेलं नसतं!"

हे वाक्य ऐकायला थोरल्याचे कान पाच आठवडे आसुसले होते. आता तेच कान लाल झाले. तेवढ्यात त्याला हत्यारांच्या फळीवर त्या दिवशीची एक लांबलचक साल दिसली, नीट गुंडाळून ठेवलेली. धाकट्याला ती झाडताना सापडली असणार, आणि तरी तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"बाई, ते दार माझ्याच हातून गेलंय," थोरला म्हणाला.

धाकटा चटकन वळला. "आणि कोपर, दादा? पुन्हा दुखायला लागलं का?"

"लागलं."

"मग आधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. दाराचं नंतर बघू."

थोरल्याला पुन्हा त्याचा हेवाच वाटला. रंधा मारायला शिकवलं होतं. हे मात्र त्याने शिकवलेलं नव्हतं.