आठवा बोल्ट

जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं फिटर राहिलेल्या केशवरावांचा एकच धर्म होता. बोल्ट घट्ट झाला की वर आणखी अर्धा फेरा द्यायचा. लोखंडाशी हे चालतं. पण निवृत्त झाल्यावर शहापूरच्या टिनाच्या शेडमध्ये ते जे विमान बांधत होते, ते लाकडाचं. इंजिन आणि पायलट यांच्यामधली भिंतसुद्धा प्लायवूडची, वरून पातळ पत्रा चढवलेली. त्या भिंतीच्या कडेला आज इंजिनाचं झाकण बसवायचं होतं.

सात बोल्ट गुमान बसले. आठव्याला सवयीनं अर्धा फेरा दिला आणि आतून कट्ट असा आवाज आला. प्लायला बोटभर चीर गेली.

केशवरावांनी पाना बाजूला टाकला. साठी उलटली तरी हाताला अक्कल नाही ती नाहीच! सगळं इंजिन याच भिंतीवर तोललेलं. ती फाटली तर पुढचा सांगाडा उकलायचा, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. पण खरी लाज वेगळीच होती. भिंत केली होती शेजारच्या जागेश्वर सुतारानं, अख्खा उन्हाळा रंधा मारून, नुसत्या चहावर. आता त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"सांगा ना! थो काय खाऊन टाकते तुमाले?" लीलाबाई नवऱ्यावर करवादल्या आणि स्वतःच जाऊन जागेश्वरला घेऊन आल्या.

त्यानं बोल्ट काढला, पत्रा उचलला, चिरेवरून नख फिरवलं. मग पटाशीनं वरचा पापुद्रा सोलला. पापुद्र्याखाली निघाली शिवणीच्या चिवट लाकडाची दोन बोटं रुंद पट्टी, धडधाकट, ओरखडासुद्धा नाही; चीर वरच थांबली होती.

"हे कायची पट्टी? नकाशात तं नाही!"

"तुमी लाखांदूरले लग्नाले गेले होते ना, तवा चिकटवली. आठही भोकाखाली हाये. इचारलं असतं तं वजन वाढते म्हनून नाहीच म्हनले असते तुमी."

"पन काहून?"

"तुमचा हात मले मालूम हाये, केशवभाऊ."

केशवरावांना इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. त्यांच्या चुका दाखवणारे जन्मभर पुष्कळ भेटले होते. चूक व्हायच्या आधीच पोटात घालणारा हा पहिलाच.

त्यांनी पाना त्याच्यापुढे धरला.

"चीर भरून वाळली का मंग आठवा तूच आवळजो, बा."