मारिसा पुढच्या सीटवर

रेन्झो आणि मारिसा हे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मर्टलफर्डचं जोडपं. उभा जन्म तंबाखूच्या शेतात गेला. शेत विकलं आणि रेन्झोने दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल आणली. पुढे तो, मागे ती. हॅन्डल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हाती.

रेन्झो ती ट्रॅक्टरसारखी हाणायचा. चढ आला तरी जडच गिअर, दात-ओठ खात रेटायचं. चेन कुरकुरली की तिच्यावर तेलाची धार. त्यावर वाटेची धूळ बसून काळा चिखल व्हायचा आणि तो चक्रांचे दाते खायचा.

एप्रिलमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या पानगळीतल्या, एका रविवारी आम्ही बीचवर्थच्या बेकरीकडे निघालो होतो. मी माझ्या सायकलवर, त्यांच्या मागेच. एव्हर्टनचा लांब चढ लागला, तशी यांची चेन करकरायला लागली.

"अरे, पुढचं मोठं चक्र, मागचंही मोठंच! चेन तिरकी ओढली जातेय. पुढचं छोटं घे," मारिसा म्हणाली.

"छोट्यावर म्हाताऱ्या जातात."

"मी म्हातारीच आहे. घे छोटं!"

त्याने गिअर बदलला खरा, पण पायाचा जोर तसाच ठेवून. ताडकन आवाज झाला आणि चेन तुटून मातीत पडली.

"झालं! आता गाडी मागवा," रेन्झो पडेल आवाजात म्हणाला.

मारिसाने पिशवीतून चेन जोडायचं हत्यार आणि एक सुटी कडी काढली.

"हे कधी घेतलंस?"

"गेल्या वर्षी. तुझे पराक्रम ऐकू येतात मला मागे."

तिने चेन जोडली. त्याच्याच गळ्यातला रुमाल ओढून ती लख्ख पुसली. मग एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडला, पायडल उलटं फिरवलं आणि वरचं तेल पुन्हा पुसून घेतलं.

"आताच लावलंस ना? मग पुसतेस कशाला?"

"तेल आत सांध्यात हवं, बाहेर नुसती धूळ धरतं. चेनला तेल लावायचं असतं रे, तळायची नसते. चल, आता मागे बस."

मला हसू आवरेना. रेन्झो मुकाट मागे बसला.

चढ उभा व्हायच्या आधीच मारिसाने जोर सोडून गिअर हलका केला. पाय भराभर फिरायला लागले.

"अगं, अंडी फेटतोय की काय आपण!"

"फेट मग."

आणि सायकल सरसर वर निघाली. करकर नाही, हिसके नाहीत. रेन्झोला काही कामच उरलं नाही. तो पिवळ्या झालेल्या झाडांकडे बघायला लागला, आणि थोड्या वेळाने त्याने आपल्या आजोबांच्या इटालियन बोलीतलं एक गाणं चक्क खड्या आवाजात सुरू केलं. कुंपणापलीकडच्या गाई चरायच्या थांबल्या.

माथ्यावर मीच धापा टाकत पोचले. रेन्झो विचारत होता, "संपला चढ? एवढाच होता?"

बेकरीतून परत निघताना मारिसा हॅन्डल धरून म्हणाली, "ये बाबा, बस पुढे. उतार आहे, तुझी हौस फिटेल."

रेन्झो मागच्या सीटवर टांग टाकून मोकळा झाला होता. "तूच चालव," तो म्हणाला. "साठ वर्षं या खोऱ्यात राहतोय, पण आज कुठे ते नीट दिसलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी चेन आणि नवी चक्रं बसवली. आता दर फेरीनंतर चेन पुसायचं काम रेन्झोकडे आहे, आणि तो ते गुणगुणत करतो.