मागच्या सीटवरचं डोकं

मित्रांनो, मी एक तडकलेलं हेल्मेट आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. मी रागावलेलो आहे.

कारखान्यात माझ्या जोडीच्या हेल्मेटवर उंचावरून लोखंडी गोळा टाकला होता. ते फुटलं, पण आतलं लाकडी डोकं शाबूत राहिलं. तेवढं पाहूनच आम्हा बाकीच्यांना दुकानात धाडलं. तिथून मला एका वेल्डरने घेतलं.

"मागे कोण बसतं?" दुकानदाराने विचारलं.

"बायको."

"मग दोन घ्या."

"तिला कशाला? मी हळूच चालवतो."

कामावर हा माणूस तोंडावर मुखवटा लावल्याशिवाय ठिणगी पाडत नसे. मलाही रोज फडक्याने पुसायचा. शेजारी म्हणायचे, शिस्तीचा माणूस. कसली डोंबलाची शिस्त! माझ्यामागे वीतभर अंतरावर त्याच्या बायकोचं डोकं उघडं असायचं. ती बालवाडीत शिकवायची. तिनेही कधी हट्ट धरला नाही. "इथल्या इथे तर जायचंय," म्हणायची, "आणि केस चपटे होतात."

एका दुपारी दोघं तिच्या भावाकडे निघाली. वळणावर बारीक खडी सांडली होती. चाक घसरलं. वेग खरंच कमी होता. मी रस्त्यावर आपटलो आणि तडकलो. तो कपडे झटकत उठला. ती उठली नाही. रक्त फारसं नव्हतं, म्हणून त्याला वाटलं, घाबरली असेल. "अगं, ऊठ ना," तो म्हणत राहिला.

ती वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली. जेवते, चालते, हसते. पण लेकीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. बोलता बोलता शब्द हरवला की कपाळाला हात लावून गप्प बसते. बालवाडीत ती परत गेली नाही. मी खुंटीवरून हे रोज पाहतो आणि आतल्या आत धुमसतो.

परवा वेल्डरचा धाकटा भाऊ बायकोला घेऊन आला. मला खाली काढत म्हणाला, "दादा, हे पडूनच आहे. नेऊ का? हिला होईल."

"ते तडकलंय. आतून गेलंय."

भावाने मला फिरवून पाहिलं. "एवढीशी तर रेघ आहे. वरून चांगलं दिसतंय की."

खिडकीशी बसलेल्या बायकोकडे वेल्डरने मान वळवली. "तुझी वहिनीही वरून चांगलीच दिसते."

भावाने मला खाली ठेवलं. वेल्डरने कात्री आणून माझा पट्टा कापला, म्हणजे मला पुन्हा कोणी डोक्यावर चढवणार नाही. मग भावजयीला म्हणाला, "चल, तुझ्या मापाचं नवीन आणू."

मित्रांनो, त्याचं हे शहाणपण मला आवडायला हवं होतं. नाही आवडलं. फार उशिरा आलं ते. म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या घरातून एका हेल्मेटवर दोन डोकी निघाली तर दारात आडवे व्हा. चावी लपवा, भोकाड पसरा. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या. माझ्याइतकी नाही रागावणार.