सोयाबीनचं विरजण

“हात नको लावू, आत्या! ते फेकायचं नाही.”

शरयू न्हाणीतून ओल्या पायांनी धावत आली, तेव्हा रुख्माआत्याने शिंक्यावरची टोपली खाली उतरवली होती. टोपलीत पळसाच्या पानांत बांधलेली पुडी होती. आत्याने एक पान उचकटून पाहिलं होतं आणि नाकाला पदर लावला होता.

“पोरी, बुरा आला ना साऱ्यावर. सुतकाच्या घरात असं सडकं काऊन ठेवतं?”

“सडकं नाही ते. आईचा टेंपे आहे.”

“मालूम हाय मले. माह्या भावाले बुरा खाऊ घालून राह्यली होती तुही माय.” एवढं बोलून आत्याच रडायला लागली. “आता भाऊ हाय, न् खाऊ घालनारीच गेली.”

आदल्या दिवशी राख सावडली होती. शरयूची आई, कोकिळाबाई, गेल्या त्या अचानक, तळेगावच्या बालवाडीत, मुलांना ओळीत बसवता बसवता. शरयू आर्वीच्या शाळेतून एस. टी.ने पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

टेंपे कोकिळाबाईंना वर्ध्याच्या एका शिबिरात परदेशी बाईंनी शिकवला होता. सोयाबीन शिजवून सालं काढायची, विरजणाची चिमूट चोळायची, पानांत बांधून उबेला ठेवायचं. पांढऱ्या बुरशीने दाणे एकमेकांना घट्ट धरले की वडी तयार. सोयाबीन तेव्हा शेतांत नुकतंच येऊ लागलं होतं आणि सगळंच्या सगळं तेलाच्या गिरणीकडे जायचं. त्यातलं थोडं आपल्या पोरांच्या पोटात जावं, एवढंच कोकिळाबाईंना वाटलं. गाव त्यांना बुरशीबाई म्हणू लागलं. त्या हसायच्या आणि सोमवारी पुन्हा टेंपे तळून बालवाडीत न्यायच्या.

तो टिकवण्याचेही त्यांचे नेम होते. उन्हाळ्यात पुडी बादलीत घालून विहिरीत सोडायची, थंडीत उत्तरेच्या खिडकीशी शिंक्यावर टांगायची. “एकावर एक रचू नका गं,” त्या बायांना बजावायच्या, “ते जितं आहे, अंगच्या गरमीनं नासतं. पांढरं चालतं, काळं चालतं. चिकट झालं, गोठ्यासारखा वास आला, की दया नका करू. आणि ठेवायचंच असेल तर आधी वाफवा.”

शरयूने पुडी उलगडली. वडी कडेने काळसर पडली होती. वास अजून ओल्या मातीचाच होता, पण उद्याचा भरवसा नव्हता. आईच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं. माठातलं पाणी, दही, झाकून ठेवलेली भाजी, सगळं आत्याने रिवाजाप्रमाणे ओतून दिलं होतं.

शरयूने स्टोव्ह पेटवला.

“अवो, आजून रांधत नसते!”

“रांधत नाही, आत्या. टिकवते फक्त.”

पाण्याच्या पातेल्यावर चाळणी ठेवून तिने पुडी पानांसकट वाफवली. पानांचा हिरवा रंग उडाला, घरभर ओळखीचा वास पसरला. या तीन-चार दिवसांत पहिल्यांदा, एक तरी काम आपण आईच्या मनासारखं केलं, असं तिला वाटलं.

दुपारी सीताबाई आली. बालवाडीतली मदतनीस. उंबऱ्याशीच बसली, थोडं रडली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “ताई, आता बोलू नये, पन सोमवार येऊन राह्यला. बाईचं काम बंद पडू नये वाटते. मी सोयाबीन भिजू घालतो. विरजण तेवढं द्या. बाईच्या पिवळ्या डब्यात राह्यते.”

ते विरजण आईच करायची. एखादी वडी पुरती काळी पडू द्यायची, सावलीत वाळवायची, तांदळाच्या पिठात कुटायची. शरयू डबा शोधायला उठली. डबा अंगणात पालथा घातलेला होता, राखेने घासून लख्ख.

“त्यात काळं पडेल पीठ होतं,” आत्या हळूच म्हणाली. “नालीत टाकलं मी.”

सीताबाईने क्षणभर डोळे मिटले.

“जाऊ द्या. पुडी तं हाय ना? मीच पानं तोडून आनली होती. त्यातली एक फोड द्या, मी वाळवतो. बाईबी तसंच करे.”

“ती मी वाफवली, सीताबाई.”

“सारी?”

“सारी.”

वाफेने ती बुरशी मरते, हे शरयूला कळत नव्हतं असं नाही. जितं आहे म्हणून नासतं, आणि नासू नये म्हणून वाफवायचं. आई मात्र वाफवण्याआधी एक फोड बाजूला काढून ठेवायची, ते तिला आता आठवलं. शिबिरातली बाई केव्हाच आपल्या देशी गेली होती. तेव्हापासून विरजण चालत आलं होतं ते याच घरातून.



“मंग चने भिजवतो,” सीताबाई उठत म्हणाली. “पोरं चनेबी खातेत.” पायरी उतरून ती पुन्हा वळली. “वाईट नका वाटून घेऊ, ताई. बाईनंच सांगतलं होतं ना, वाफवा म्हनून.”

संध्याकाळी शेजारून पिठलं-भाकर आली. शरयूने बाबांच्या पानात टेंपेच्या दोन फोडी वाढल्या. कृष्णकांतरावांनी एक सावकाश चावून खाल्ली. दुसरी हातात घेतली आणि परत ताटलीत ठेवली.

“अजून आहे का?”

“थोडा आहे.”

“मग ही उद्याला राहू दे. टिकेल ना?”

“टिकेल, बाबा. वाफवलाय.”

रुख्माआत्याने आजवर त्या वस्तूला बोट लावलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. उरलेल्या फोडी तिने ताटलीत मांडल्या, एकीला एक लागू न देता. वरून धुतलेलं फडकं घातलं, त्याच्या कडा बोटांनी दाबल्या. मग मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी ओतून ताटली तिने मधोमध ठेवली.